घोडी तुमची, दावण दुसऱ्याची

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांमधून या अंकासाठी तीन निवडली आहेत. तिन्ही घोड्यांची आहेत आणि तिन्हींत एकच वाद आहे: जनावर एकाचं, सांभाळ दुसऱ्याकडे, मग जबाबदारी कोणाची? पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. वडिलांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून एक घोडी आणली होती, चांदणी. ती आता नऊ वर्षांची आहे. वडील गेले आणि जूनमध्ये माझी बदली गडचिरोली जिल्ह्यात झाली. घरी आई एकटी, म्हणून हिंगणघाटकडच्या रस्त्यावर घोडे सांभाळायला घेणाऱ्या एका भाऊंकडे महिन्याला 7,000 रुपये ठरवून चांदणीला ठेवलं. सगळी बोलाचाली तोंडी. दिवाळीत पाहिली तेव्हा बरी होती. मार्चमध्ये गेलो तर बरगड्या मोजता येत होत्या, पाठीवर खोगिराची जखम, तोंडाचे कोपरे फाटलेले आणि पुढच्या उजव्या खुराला भेग. शेजारच्या पानठेल्यावरच्या पोरानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. फेब्रुवारीतल्या एका वरातीत चांदणी झूल घालून नाचत होती. भाऊंना विचारलं तर म्हणाले, ‘उभी राहून राहून पाय आखडून राह्यले होते तिचे, म्हणून काढली. अन् नाल, डॉक्टर हे कुठं ठरलं होतं गुरुजी?’ दोष कोणाचा? भरपाई मागता येईल का? — एक शिक्षक, जि. वर्धा

उत्तर: गुरुजी, भरपाईचं नंतर बघू. आधी घोडी.

तिला पोटभर चंदी घालून महिनाभरात भरून काढायचा विचार मनात आला असेल, तर तो काढून टाका. खंगलेल्या घोड्याला एकदम हरभरा, मका, जव असं धान्य पडलं की पोटशूळ होतो, नाहीतर खुरांच्या आत दाह होऊन घोडं कायमचं लंगडं होतं. पहिले आठ-दहा दिवस चांगला, धूळ नसलेला सुका चारा थोडा थोडा, पण दिवसभर समोर राहील असा द्या. चंदी मूठभरापासून सुरू करून दोन आठवड्यांत वाढवा. पाठीची जखम पूर्ण भरेपर्यंत तिच्यावर खोगीर नको, झूल नको, बसणं तर नकोच. धनुर्वाताची लस आजच टोचून घ्या. धनुर्वात घोड्याला फार लवकर धरतो आणि उघडी जखम, फाटलेलं खूर ही त्याची वाट आहे.

रक्त तपासून घ्या, हे जरा ठासून सांगतो. बरगड्या दिसल्या म्हणजे उपाशीच ठेवली, हा निष्कर्ष घाईचा. माशीच्या चावण्यातून पसरणारा सर्रा नावाचा आजार घोड्याला असाच वाळवतो. ताप येतो, जातो, पायांवर सूज चढते, घोडं खातं तरी खंगत जातं. नऊ वर्षांच्या घोडीच्या दाढांना धारदार टोकं आलेली असली तर ती चारा नीट चावू शकत नाही, तोंडातून गोळे गाळत राहते. गव्हाणीखाली ओल्या चाऱ्याचे असे चघळलेले गोळे पडलेत का, ते स्वतः वाकून बघा. भाऊंनी चारा घातलाही असेल. खरं काय ते कळल्याशिवाय तोंड सोडू नका.

आता दोष. 1872 चा भारतीय करार कायदा दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याबद्दल बोलतो आणि गंमत वाटेल, पण त्यातली उदाहरणं घोड्यांचीच आहेत. एकाने आपला घोडा दुसऱ्याला फक्त त्याच्या स्वतःच्या रपेटीसाठी दिला, त्याने तो घरातल्या माणसाला बसायला दिला, त्या माणसाने काळजीने चालवला, तरी घोडा अपघाताने पडून जखमी झाला. तर भरपाई घेणाऱ्याने द्यायची. हे कलम 154 खालचं उदाहरण आहे. घोडा जपूनच चालवला होता, हा बचाव तिथे चालत नाही, कारण मुळात परवानगीच नव्हती. तुमची घोडी सांभाळायला दिली होती, वरातीला नाही. पाठीची जखम आणि फाटलेलं तोंड यांचा हिशोब भाऊंनी द्यायला हवा. तोंडी करारही करारच असतो, फक्त सिद्ध करताना धाप लागते. म्हणून तो व्हिडिओ आजच मागून घ्या. जखमांचे फोटो काढा आणि डॉक्टरकडून तारखेसह लेखी अहवाल घ्या. तोंडाचे कोपरे कशाने फाटले तेही विचारा. काटेरी लगाम वापरायला 1965 च्या नियमांपासून बंदी आहे, पण वरातीत घोडं नाचवायला तो आजही काढला जातो. मी स्वतः दोनदा तो घोड्याच्या तोंडातून सोडवला आहे. त्यातला एक लगाम अजून माझ्या कपाटात आहे, आत बोट घातलं तर टोचतो.

खुराचं मात्र वेगळं आहे. घोड्याचे खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी छाटावे लागतात. जून ते मार्च म्हणजे पाच-सहा वेळा नालबंद यायला हवा होता. तो यायचं ठरलंच नव्हतं, हे भाऊ खरं सांगतात. पण ज्याच्या डोळ्यांसमोर भेग वाढत गेली, त्याने तुम्हाला एक फोन करायचा नाही? कलम 151 म्हणतं, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी सांभाळणाऱ्याने घ्यायची. स्वतःच्या बैलाचा खूर फाटला असता तर भाऊ नुसते बघत बसले असते का?

आणि गुरुजी, आता थोडं तुमच्याबद्दल. रागावू नका. दिवाळी ते मार्च, चार महिने तुम्ही दर एक तारखेला मोबाईलवरून 7,000 पाठवले आणि तुमच्या मते काम झालं. त्या सात हजारांचे दिवसाला 233 रुपये होतात. त्यात चारा, चंदी, खरारा करणाऱ्या पोराची मजुरी, लीद उचलणं आणि भाऊंचा नफा. नालबंद आणि डॉक्टर त्यात बसतात की नाही, हा प्रश्न तुम्ही जूनमध्येच विचारायला हवा होता. 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात मालकाने वाजवी काळजी आणि देखरेख ठेवली नाही, तर क्रूरतेत त्याचाही दोष धरता येतो. पैसे पोचले म्हणजे देखरेख झाली, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.

चांदणीला परत तिथे ठेवा किंवा दुसरीकडे, पण या वेळी कागद करा. साधा कागद चालेल. दोघांच्या सह्या, एका साक्षीदाराची सही. ‘चारापाणी व्यवस्थित’ असलं काही लिहू नका, किलोत लिहा. सव्वातीनशे किलोच्या घोडीला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे साडेसहा किलोच्या आसपास सुका चारा रोज. कडबा की गवत, तेही. सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, घोडीला नको, असं स्पष्ट लिहा. आपल्याकडे ते फुकटात मिळतं म्हणून सगळ्यांच्या गव्हाणीत पडतं. गाय-बैल रवंथ करून पचवतात. घोड्याला रवंथ नाही, आणि त्यातली धूळ-बुरशी त्याच्या पोटाला आणि छातीला दोन्हीकडे बाधते. पाणी दिवसाला पंचवीस-तीस लिटर, मे महिन्यात चाळीसच्या वर. नालबंद कोणी बोलवायचा, पैसे कोणी द्यायचे. घोडीवर कोण बसेल, कोण बसणार नाही. वरात, शंकरपट, मिरवणूक यांना ती जाणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: रात्री-अपरात्री ती आजारी पडली तर तुम्हाला न विचारता डॉक्टर बोलवायचा, अमुक हजारांपर्यंतचा खर्च तुमचा. ही एक ओळ का लागते, ते पुढच्या पत्रात सांगतो.

घोडीच्या अंगातही कागदावर लिहिण्याजोगं काहीतरी असलं पाहिजे. म्हणून टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेराचा वर्ग करून लांबीने गुणा, 11,880 ने भागा, वजन किलोत येतं. घेर 160 आणि लांबी 150 असेल तर 323 किलो. घेर 148 वर आला तर 277. बारा सेंटीमीटरने घोडी 46 किलो उतरली, हे डोळ्याला कळायच्या आधी टेपला कळतं. दर महिन्याच्या एक तारखेला भाऊंनी टेप लावलेला फोटो पाठवायचा आणि मग तुम्ही पैसे पाठवायचे. शिवाय दीड-दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः जायचं, न सांगता. तुम्हाला नाही जमलं तर आईला बंडीत बसवून कोणी नेईल. जनावर ओळखीच्या माणसाला बघून कसं कान टवकारतं किंवा टवकारत नाही, ते आईला तुमच्यापेक्षा जास्त कळेल.

प्रश्न: डॉक्टरसाहेब, माझ्याकडे वावरातल्या तबेल्यात सहा घोडे आहेत. दोन माझे, चार लोकांचे. बाजूला ब्रॉयलरचं शेड आहे. नागपूरच्या एका मालकाने पाच महिने झाले पैसे दिले नाहीत, फोन उचलत नाही. जानेवारीत त्याच्या घोड्याला रात्री पोटशूळ झाला. मी डॉक्टर आणला, 4,200 रुपये माझे गेले. त्याला व्हॉट्सॲपवर बिल टाकलं तर उत्तर आलं, ‘तुला कोणी सांगितलं होतं?’ दोस्त म्हणतात चंदी बंद कर, नाहीतर घोडा विकून पैसे काढ. काय करू? — एक कास्तकार, ता. नेर, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, डॉक्टर आणलात ते शंभर टक्के बरोबर केलंत. का, ते सांगतो.

1996 चा मार्च. मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातच नोकरीला होतो. सकाळी सहाच्या सुमारास एक माणूस सायकलवर आला, धापा टाकत. ‘साहेब, घोडी उठूनच नाही राह्यली.’ मोटारसायकलवर त्याला मागे बसवून गेलो. अंगणात काळी घोडी आडवी. अंग घामाने भिजलेलं, त्यावर माती चिकटलेली. गोठ्याच्या भिंतीचा चुना दोन हात उंचीपर्यंत घासून निघाला होता, इतकी रात्रभर ती भिंतीवर आदळली होती. ओठ वर करून हिरड्या बघितल्या. गुलाबी हव्या, त्या जांभळट विटेसारख्या झालेल्या. जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवलं, मिनिटाला 92. निरोगी घोड्याची नाडी तिशी-चाळिशीत असते, साठच्या वर गेली की आमच्याच पोटात गोळा येतो. पोटाला कान लावला. घोड्याच्या पोटात कायम गडगड चालू असते. तिथे काही नव्हतं.

विचारलं, कधीपासून? म्हणाला, रात्री नऊपासून. घोडी त्याची नव्हती, तालुक्याच्या गावातल्या एका मालकाची होती. तो रात्री दहा वाजता एसटीडी बूथवर गेला, मालकाच्या घरी फोन कोणी उचलला नाही. अकराला पुन्हा गेला. मग बूथ बंद झाला. ‘मालकाले इचारल्याशिवाय डॉक्टर कसा आणू साहेब? बिल कोण देईल?’ माझं घर तिथून सात किलोमीटरवर होतं. नऊ तास तो माणूस तिच्यापाशी कंदील घेऊन बसला, तिचं पोट चोळलं, रडला. वाईट माणूस नव्हता तो. नाकातून नळी घातली, इंजेक्शनं दिली, पण वेळ निघून गेली होती. साडेनऊला ती गेली. अकराला मालक आला. त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘अरे, मला विचारायची काय गरज होती?’

म्हणून मी वर गुरुजींना ती ओळ लिहायला सांगितली. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात जे अडलं ते खालूनच जायला हवं, आणि आतडं पिळलं गेलं असेल तर तासांचा हिशोब असतो. घोडं पोटाकडे वळून बघतं, पायाने माती उकरतं, बसतं-उठतं, लीद टाकत नाही, एवढं दिसलं की चारा उचला आणि फोन करा. मालक नंतर. बाटलीने तेल, सोडा, हिंगाचं पाणी तोंडात ओतू नका. ते फुप्फुसात गेलं की पोटातून वाचलेलं घोडं छातीने जातं. सरकारी फिरत्या पथकाचा क्रमांक 1962 आहे, तो तबेल्याच्या दारावर रंगाने लिहून ठेवा.

आता तुमचे 4,200. करार कायद्याचं कलम 70 तुमच्या बाजूने आहे. फुकट करायचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केलं आणि त्याने त्याचा फायदा घेतला, तर त्याने भरपाई द्यायची. घोडा जिवंत आहे, हाच त्याचा फायदा. डॉक्टरची पावती, पाच महिन्यांचा हिशोब आणि पंधरा दिवसांची मुदत, असं वकिलाच्या नोटिशीने स्पीडपोस्टने पाठवा. व्हॉट्सॲपवरचं ते उत्तर पुसू नका. घोडा आपला आहे आणि तुमच्याकडे आहे, हे त्याने त्यात नाकारलेलं नाही.

विकायचं मात्र नाव काढू नका. विश्वासाने सोपवलेला माल परस्पर विकणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खालचा गुन्हा आहे. पैसे त्याने बुडवले आणि आरोपी तुम्ही, असं होईल.

आणि चंदी बंद करणं. दोस्तांना सांगा की 1960 च्या कायद्यात ‘मालक’ या शब्दाच्या व्याख्येतच ज्याच्या ताब्यात जनावर आहे तो माणूस बसतो. अन्न, पाणी, निवारा न देणं हा मालकाचा गुन्हा, आणि दावण तुमची असल्यामुळे त्यापुरते मालक तुम्हीच. कलम 3 सुद्धा सांभाळणाऱ्यावरच कर्तव्य टाकतं. दंड ऐकलात तर वाटेल काही नाही: पहिल्या वेळी 10 ते 50 रुपये. कित्येक दशकं झाली, आकडा अजून तोच आहे आणि मला त्याची लाज वाटते. पण दंड लहान म्हणून भूक लहान होत नाही. घोड्याच्या पोटात आम्ल सतत झिरपतं. चार-सहा तास चारा नसला तर रिकाम्या पोटात व्रण पडायला सुरुवात होते. त्याला तुमच्या थकबाकीतलं काय कळणार? महागडी चंदी कमी करून चांगलं गवत वाढवलंत तर खर्चही आटोक्यात राहील आणि घोडाही.

त्या मालकालाही सांगणं आहे, हे पान तो वाचत असेल तर. जनावर उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणं हाही त्याच कायद्याखालचा गुन्हा आहे. फोन न उचलणं त्याच्या अगदी जवळ जातं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तुमच्या पत्रातलं ब्रॉयलर शेड वाचून मी दचकलो. कोंबड्यांच्या खाद्यात बऱ्याचदा मोनेन्सिन नावाचं औषध असतं. कोंबडीला ते चालतं. घोड्याचं हृदय त्याने निकामी होतं, फार थोड्या मात्रेतही. उरलेलं कोंबडीखाद्य घोड्याला घालू नका, त्याच घमेल्यात चंदी कालवू नका, पोती वेगळ्या खोलीत आणि कुलपात. नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला हे सांगा. बुरशी आलेल्या मक्याचंही तेच. त्याच्या विषाने घोड्याचा मेंदू जातो आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही.

प्रश्न: काका, आमच्या वावराच्या धुऱ्यापलीकडे नवीन फार्महाऊसवर लोकांचे पाच घोडे ठेवले आहेत. टिनाचं शेड, तीन बाजू बंद. दुपारी ते घोडे मान खाली घालून नाकपुड्या फुगवून उभे असतात. सांभाळणारा पोरगा सतरा-अठराचा आहे. मी बाईमाणूस, नुसती शेजारी. मी बोलावं का? — एक वाचक ताई, ता. वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर: ताई, बोला, आणि आजच बोला. चंद्रपूरचा मे तुम्हाला मी सांगायला नको. टिनाखाली तो अजून वाढतो. घोडा घामाने स्वतःला थंड करतो, पण हवा हलत नसेल तर घामाचा उपयोग होत नाही. शांत उभा असताना मिनिटाला आठ ते सोळा श्वास हे बरोबर. बरगडीची हालचाल बघून मिनिटभर मोजा. तीसच्या वर असेल, किंवा घाम येणंच थांबलं असेल, तर पोराला सांगून अंगावर साधं पाणी ओतायला लावा, पुन्हा पुन्हा, आणि 1962 ला फोन करा.

पोरावर ओरडू नका. त्याला बहुधा कोणी काही शिकवलेलं नसतं आणि मालकाशी बोलायची त्याची हिंमत नसते. तुमच्या वावरात पऱ्हाट्या किंवा तुराट्या उरल्या असतील तर त्यांचा वीतभर थर टिनावर घालायला द्या, त्यावर सकाळ-दुपार पाणी शिंपडायचं. पश्चिमेची बाजू राहू द्या, पूर्वेचं आणि उत्तरेचं टिन खालून हातभर तरी उघडायला सांगा. पाण्याची टाकी सावलीत ओढून घ्यायची आणि बाजूला मिठाचा खडा ठेवायचा. फार्महाऊसवाल्याचा नंबर पोराकडून घ्या आणि मोजलेले श्वास, वेळ, फोटो असं सगळं त्याला पाठवा. आठवड्यात काही हललं नाही तर तेच कागद घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. तिथूनही झालं नाही तर जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे अर्ज द्या. तो अर्ज लिहून द्यायला मी आहे. मला पत्रात पाचही घोड्यांचे दुपारी दोनचे श्वास लिहून पाठवा.